अंतर्गळ : दुर्बिणीने की छेद देऊन?



भाताच्या बियाण्याची चौकशी करायला आलेला माणूस जाता जाता आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, जांघेत गोळा येतो. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने करा, दुसरे म्हणतात साधे करा. काय करू?" मी शेतीतला माणूस, वैद्य नव्हे. पण इतक्या जणांनी विचारले, तेव्हा वाचून आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून जे समजले ते सांगतो.

पनवेलच्या खारजमिनीतल्या शेतकऱ्याला अंतर्गळ समजायला वेळ लागू नये. पोटाची भिंत म्हणजे बांध, आणि जांघेत तो मुळातच हलका. ओझे उचलताना, खोकताना, शौचाला कुंथताना आतून जोर येतो, खांड पडते आणि आतड्याचा वेढा बाहेर डोकावतो. निजले की आत, उभे राहिले की बाहेर. ही खांड औषधाने बुजत नाही. पट्टा आवळला तर तो नुसता दाबून धरतो, बुजवत नाही.

दोन्ही तऱ्हांत खांडीवर बहुधा जाळीच बसवतात, फक्त बाजू वेगळी. उघड्या ऑपरेशनात जांघेवर तीन-चार बोटे छेद देऊन बाहेरच्या अंगाने जाळी लावतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात तीन बारीक छिद्रे पाडून, आत वायू भरून जागा करतात आणि जाळी भिंतीच्या आतल्या अंगाला पसरतात. खारबांधाला समुद्राच्या बाजूने दगड लावावेत तसे हे. आतला जोरच जाळीला जागेवर दाबून धरतो.

ऐकून वाटेल, मग दुर्बीणच सरस. दुखणे कमी, कामाला लवकर लागता येते, हे खरे आहे. दोन्ही जांघांत अंतर्गळ असेल तर त्याच छिद्रांतून दोन्हीकडचे काम होते. छेद देऊन केलेले पुन्हा उलटले असेल, तर जुन्या व्रणात हात घालावा लागत नाही. पण तिला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते, खर्च जास्त येतो, आणि मुख्य म्हणजे शिकायला अवघड. अमेरिकेत माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांतला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत दुर्बिणीच्या शंभरांत दहा जणांचे अंतर्गळ उलटले, उघड्याच्या शंभरांत पाचांचे. मात्र ज्यांनी अशी अडीचशेहून जास्त ऑपरेशने केली होती, त्यांच्या हातून पहिल्या वेळचे अंतर्गळ उघड्याइतकेच टिकले. आज सरावलेल्या हाती दोन्ही सारखेच टिकतात असे डॉक्टर मानतात. म्हणून दुर्बीण आहे का हे विचारून थांबू नका. "डॉक्टर, अशी किती केलीत?" हेही विचारा. ट्रॅक्टर घेताना विचारतोच की आपण!

उघडे ऑपरेशन कमरेत सुई देऊन, कधी तेवढाच भाग बधिर करूनही होते. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या म्हाताऱ्या माणसाला हे मोठे सोयीचे.

आणि उघडे म्हणजे गरिबाचे, मागासलेले, असे मुळीच समजू नका. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि आपल्या सहकाऱ्यांसह २००३ साली त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर तशीच स्वस्त जाळी आणि बाजारातली जाळी ताडून पाहिली. २०१६ साली निकाल आला, तो वर्षभरात दोन्ही जवळजवळ सारख्याच ठरल्याचा. आपल्या खेड्यातल्या डॉक्टराची ही कल्पना साता समुद्रापार कसोटीला उतरली, याचा मला फार अभिमान वाटतो.

माझे मत विचाराल तर, एकाच बाजूचे, पहिल्यांदाच झालेले अंतर्गळ असेल आणि जवळचा डॉक्टर उघडे ऑपरेशन चांगले करीत असेल, तर दुर्बिणीसाठी बैल विकू नये. बायांची गोष्ट थोडी वेगळी. जांघेतला त्यांचा गोळा अडकण्याचा धोका जास्त, तेव्हा लाजून लपवू नये, आणि त्यांना दुर्बीण जमत असल्यास बरी.

गोळा आत जाईना, कडक झाला, दुखू लागला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजा. तेल चोळू नका, दाबून आत ढकलू नका. रात्र असो की लावणीचा दिवस, ताबडतोब रुग्णालय गाठा. काही तासांत आतडे मरू लागते आणि मग निवडीला जागाच उरत नाही.

गोळा सहज आत जात असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगाम बघता येतो. भात झोडून झाले, वाल पेरले, की डिसेंबरात मोकळीक असते. चालणे-फिरणे लगेच सुरू होते, पण भाताचे पोते चार-सहा आठवडे तरी दुसऱ्याच्या पाठीवर द्या. रुग्णालयात जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा.