यंत्र मोजते, बाई शिकवतात



आपल्या वर्गात शिष्यवृत्तीच्या सराव पेपरची उत्तरपत्रिका आता मोबाईल तपासतो. आपण वर्तुळे रंगवायची, बाईंनी वर कॅमेरा धरायचा, की झाले! गुण लगेच हजर. काही जण म्हणतात, वह्यासुद्धा अशाच तपासाव्यात. मला मात्र तसे वाटत नाही. का, ते सांगते.

गेल्या महिन्यात मला २५ पैकी ८ च गुण पडले. आई म्हणाली, "काय गं, अभ्यास करतेस की नुसती हुंदडतेस?" मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी पेपर हातात घेऊन मला तोंडी उत्तरे विचारली. २१ बरोबर! मग घोटाळा कळला. ७ वा प्रश्न अडला म्हणून मी सोडला आणि ८ व्याचे उत्तर ७ व्याच्या रांगेत रंगवले. तिथून पुढे सगळेच एकेक घर वर सरकले. पहिली ६ बरोबर होती, पुढची २ नुसती योगायोगाने जुळली. त्यांचेही गुण यंत्राने दिले! म्हंजे आलेल्याचे कापले आणि न आलेल्याचे दिले. यात यंत्राची लबाडी नाही. त्याला रंगवलेले वर्तुळ दिसते, आपले डोके दिसत नाही.

यंत्राचे गुणही सांगितले पाहिजेत. ते दमत नाही, आणि मुलगी कोणाची हे बघत नाही. आमच्या बाईंकडे दोन वर्ग आहेत. वह्या तपासता तपासता त्यांची मधली सुट्टी जाते. गंमत म्हणजे असे यंत्र मुळात एका शिक्षकालाच सुचले. अमेरिकेत मिशिगन राज्यात रेनॉल्ड जॉन्सन हे शाळेत विज्ञान शिकवीत. पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, यावरून त्यांनी उत्तरे तपासण्याची युक्ती काढली. त्यावरचे आयबीएम कंपनीचे यंत्र १९३८ साली आले. पेपर तपासण्याचा शीण सगळीकडे सारखाच!

पण गणितात मी हातचा विसरले, तर यंत्र उत्तराला नुसती फुली मारते. बाई नेमक्या त्या जागी गोल करून लिहितात, "हातचा कुठे गेला?" तो गोल पाहिला की पुन्हा तशी चूक होत नाही.

म्हणून माझे मत असे : मोजणी यंत्राने करावी, आणि वाचलेला वेळ बाईंनी आमच्या चुका समजावण्यास द्यावा. मित्रांनो, आपणही दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा आणि रांगेचा क्रमांक ताडून पाहू या. खऱ्या परीक्षेत तोंडी विचारायला बाई नसतील. आणि पालकहो, "किती पडले?" याच्या आधी "कुठं चुकलं?" असे विचारा. माझी आई आता तसेच विचारते.

तुम्हांला काय वाटते? खाली जागा मोकळी ठेवली आहे. जरूर लिहा.

— तुमचीच एक वर्गमैत्रीण