यंत्राची साक्ष, साहेबांचे मौन

संगणकाच्या व्यवहारात अनर्थ झाला, की व्यवस्थापनशास्त्राचे पंडित ‘नेतृत्वापुढील आव्हाने’ हा गोंडस शब्दप्रयोग पुढे करतात. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात जे घडले त्याला हे नाव देणे म्हणजे दरोड्याला देवघेव म्हणणे होय.

१९९९ पासून तेथील टपाल कचेऱ्यांत ‘होरायझन’ ही फुजित्सू कंपनीची हिशेबप्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दिसू लागली. छोट्या कचेऱ्या चालविणारे उप-पोस्टमास्तर हे पगारी नोकर नव्हेत, कंत्राटदार. तूट पदरच्या पैशाने भरण्याचे बंधन करारानेच त्यांच्या गळ्यात मारलेले. मदतीसाठी दूरध्वनी करावा, तर ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच’ हे उत्तर कित्येकांना मिळाले! शेकडो माणसांना वेगवेगळे गाठून प्रत्येकाला तो एकटा असल्याचे पटविणे, ही युक्ती कामगार चळवळीतील आपल्या साथींना अनोळखी नाही.

२०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. त्यांतील सुमारे ७०० खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालविले होते. तपासणारे तेच, फिर्यादीही तेच आणि साक्षीला यंत्र! फुजित्सूच्या माणसांना दुरून कचेरीच्या हिशेबात फेरफार करता येत होते. व्यवस्थापन मात्र वर्षानुवर्षे ते नाकारीत राहिले.

प्रोग्राममध्ये चुका असतातच, हे त्या धंद्यातला उमेदवारही सांगेल. मग साहेबांना ते का उमजू नये? कारण एक चूक कबूल केली, की आधीचे सारे खटले कोसळणार होते. सेकंड साइट या संस्थेच्या स्वतंत्र तपासनिसांनी २०१३ मध्ये दोषांकडे बोट दाखविले. २०१५ मध्ये त्यांचेच काम बंद करण्यात आले. याला अज्ञान म्हणत नाहीत.

अखेर ५५५ उप-पोस्टमास्तर एकत्र येऊन न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी प्रणाली सदोष असल्याचा निर्वाळा दिला. तडजोडीच्या सुमारे ५ कोटी ८० लाख पौंडांपैकी बहुतेक रक्कम दाव्याच्या खर्चातच गेली. १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असे चौकशी अहवालाने २०२५ मध्ये नमूद केले.

आणि २०१२ ते २०१९ या काळात मुख्याधिकारी असलेल्या पॉला व्हेनेल्स? २०१९ च्या प्रारंभीच त्यांना राजसन्मान मिळाला होता. निकालानंतर चार वर्षे तो अबाधित राहिला. २०२४ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवर या प्रकरणाची मालिका दाखविली गेली, तेव्हा कोठे फेब्रुवारीत तो काढून घेण्यात आला.