अबोल शेतकऱ्याने माल कसा विकावा?



‘बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते,’ असे आपल्याकडे म्हणतात. थेट विक्रीचा विषय निघाला की हीच म्हण पुढे येते. बिडकीन ते पाचोड या पट्ट्यात मोसंबीच्या बागा राखणारे कितीतरी शेतकरी स्वभावाने मितभाषी आहेत. बहाराचा ताण, पाण्याची पाळी, खताची मात्रा यांत ते कोणाला हार जाणार नाहीत. पण शहरात गाडी लावून गिऱ्हाईकाला हाळी देणे त्यांना जमत नाही. असेच एक बागायतदार बैठकीत म्हणाले, “साहेब, पिकवायचं सांगा, पिकवतो. विकायचं म्हणलं की तोंडच उघडत नाही बघा.” मग बाग उक्ती जाते, भाव व्यापारी सांगतो आणि आपण मान हलवतो.

औद्योगिक क्षेत्रासाठी बिडकीन परिसरातील बरीच जमीन संपादनात गेली. २०२४ च्या सप्टेंबरात त्या क्षेत्राचे लोकार्पणही झाले. ज्यांच्याकडे आता दोन-तीन एकरच उरले आहेत, त्यांना किलोमागे चार रुपये अधिक मिळाले तर घरखर्चात फरक पडतो. शहर आपल्यापासून तासाभराच्या अंतरात आहे. तेव्हा कमी बोलणाऱ्यानेही थेट विक्रीचा विचार जरूर करावा. त्यासाठी स्वभाव बदलण्याची गरज नाही, कारण हातातल्या फोनवर बोलण्याचे पुष्कळसे काम लिहून भागते.

अडचण बोलण्याची की भिडेची?

समोरासमोरच्या विक्रीत अबोल माणूस दोन ठिकाणी मार खातो. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की तो भाव सोडतो, आणि ओळखीच्याने उधार मागितले की त्याला नाही म्हणवत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात ते याच कारणाने. व्हॉट्सॲपवर मात्र भाव आधीच लिहून जातो, तो सर्वांना सारखा असतो आणि उत्तर द्यायला विचार करण्यापुरता वेळ मिळतो. मोजके आणि खरे लिहिण्याची सवय तर अबोल माणसाला पुष्कळदा असतेच.

ही रीत नवी नाही. २०२० च्या टाळेबंदीत ऐन हंगामात वाशीचा बाजार अधूनमधून बंद पडला, तेव्हा कोकणातील अनेक आंबा बागायतदारांनी फोनवर मागणी घेऊन पेट्या घरोघर पोचवल्या. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीनेही त्या काळात फळे-भाजीपाल्याच्या टोपल्या शहरांतील घरांपर्यंत नेल्या. कायद्याचीही आडकाठी नाही. राज्य शासनाने २०१६ च्या जुलैत फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आहे.

पहिली पंचवीस घरे

अनोळखी माणसाकडून सुरुवात करू नये. वही घ्या आणि शहरात राहणाऱ्या पंचवीस ओळखीच्या घरांची यादी करा. भाचा, मेहुणा, मुलांचे मास्तर, बँकेतले साहेब, पूर्वी बागेवर येऊन मोसंबी नेलेली मंडळी, अशी नावे सहज निघतात. यांना फोन करण्याची गरज नाही. पुढीलप्रमाणे मजकूर पाठवावा:

“नमस्कार. मी बिडकीन शिवारातील मोसंबी बागायतदार. आंबे बहाराची मोसंबी येत्या शनिवारी तोडणार आहे. पेटी ५ किलोची, भाव इतके रुपये, घरपोच. साल थोडी हिरवट आहे आणि काही फळांवर तपकिरी डाग आहेत. रस भरपूर आहे. हवी असल्यास गुरुवार संध्याकाळपर्यंत पेट्यांची संख्या व पत्ता लिहावा. पैसे पेटी हाती आल्यावर लगेच द्यावेत. फळ खराब निघाल्यास फोटो पाठवावा, बदलून देऊ.”

माल, वजन, भाव, दिवस, पैसे आणि भरपाई हे सारे यात आले. आता घासाघीस झालीच तर एकच उत्तर लिहावे, “भाव सर्वांना एकच आहे.” हे वाक्य तोंडाने म्हणणे जड जाते, लिहिणे सोपे जाते.

डागांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कोळी किडीमुळे फळाच्या सालीवर डाग पडतात, त्याला आपण मंगू म्हणतो. बाजारात मंगूचे फळ दिसले की भाव पाडला जातो. पण डाग थोडा आणि सालीपुरताच असेल तर आतला रस चांगला असतो. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगितले आणि सोबत कापलेल्या फळाचा फोटो पाठवला तर तेच फळ योग्य भावात जाते. फोटो आपल्याच बागेचा, सकाळच्या उजेडात काढलेला असावा. दुसऱ्याचा सुंदर फोटो पाठवला तर पेटी उघडताच विश्वास जातो.

सगळ्या गिऱ्हाइकांचा एक ग्रुप करू नये. त्यात शुभेच्छांची चित्रे येतात, आणि एकाची तक्रार पंचवीस घरांत चर्चेला जाते. त्याऐवजी ‘ब्रॉडकास्ट’ यादी करावी, म्हणजे संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मात्र ज्याने आपला नंबर साठवून ठेवला असेल त्यालाच तो पोचतो. म्हणून नंबर साठवायला आधी सांगावे. व्यवसायासाठीचे वेगळे व्हॉट्सॲप २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात मालाची फोटोसह यादी ठेवता येते, आणि आपण शेतात असताना ‘संध्याकाळी उत्तर देतो’ असे आपोआप कळवता येते.

हिशेब आधी, उत्साह नंतर

समजा, बागेवर व्यापारी किलोला २० रुपये देतो आणि घरपोच भाव ४५ रुपये ठेवला. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. पेटीचे किलोमागे ५, टेम्पोचे ४, निवड व भरणीच्या मजुरीचे ३, खराबीचे ३ असे १५ रुपये वजा करा. उरले ३०, म्हणजे किलोला १० रुपये अधिक. शंभर पेट्या, अर्थात ५ क्विंटल गेले तर ५ हजार रुपये जास्त मिळाले. घरातल्या माणसांनी पेट्या भरल्या तरी ती मजुरी धरावी.

मात्र सगळ्या बागेतून वेचून उत्तम फळ काढून घेतले तर उरलेल्या मालाचा भाव व्यापारी कमी करणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून थेट विक्रीसाठी दोन-चार ओळी वेगळ्या राखाव्यात आणि उरलेली बाग नेहमीप्रमाणे द्यावी. व्यापारी एका दिवसात सगळा माल उचलतो, ते पंचवीस घरांच्याने होत नाही. पहिल्या वर्षी मालाचा दहावा हिस्सा पुरे.

मोसंबी तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाही. गोडी झाडावरच भरावी लागते. घाईने कच्चे फळ पाठवू नये. दव वाळल्यावर, फळ न ओढता कात्रीने देठ आखूड ठेवून तोडावे. फुटलेले आणि मऊ पडलेले फळ पेटीत जाऊ देऊ नये. एका नासक्या फळाने पेटी वाया जाते. वजनकाटा प्रमाणित करून घेतलेला असावा.

पैसे आणि तक्रार

फोनवर पैसे घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि समोरच्याने पाठवलेला चौकोनी कोडही स्कॅन करावा लागत नाही. मोठ्या हुद्द्याचे नाव सांगून एकदम पन्नास पेट्या मागणारा आणि ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणारा ठक असतो. भिडस्त माणूस अशा वेळी नाही म्हणायला कचरतो, तिथेच फसतो. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

तक्रार आली की अबोल माणूस फोन बाजूला ठेवून गप्प बसतो. ही सवय मात्र सोडली पाहिजे. गिऱ्हाईक खराब फळ विसरते, पण उत्तर न देणारा माणूस विसरत नाही. त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात, “फोटो पाहिला. पुढच्या फेरीत बदली फळे पाठवतो.” आणि ती खरोखर पाठवावीत.

भगिनींनो, हे काम तुमच्या हाती चांगले चालते. बाजारात न बसणारी सूनबाईही दुपारी निवांत बसून मागणी वहीत उतरवू शकते. ज्याचा फोन, त्याच्याच हाती हिशेब राहावा, म्हणजे गोंधळ होत नाही. शेतातले ताजे फळ विकण्यासाठी अन्न परवाना लागत नाही. पण डाळ, पापड, लोणचे असा तयार माल विकायचा असल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यावी.

यंदाची तोडणी येण्यापूर्वी वहीतली पंचवीस नावे लिहून ठेवावीत. फळाच्या निवडीबाबत व मंगूच्या बंदोबस्ताबाबत आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यास किंवा पैठण रोडवरील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. पहिल्या फेरीत दहाच पेट्या गेल्या तरी चालेल. त्या दहा घरांनी पुन्हा मागणी केली की समजावे, माल आपल्या वतीने बोलला.