‘वर्ड ऑफ द डे’वाल्यांनो, जरा थांबा

रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘वर्ड ऑफ द डे’ येऊन पडतो. परवा ‘पेट्रिकॉर’ होता. म्हणजे पहिल्या पावसाचा मातीचा वास. खाली अंगठ्यांची रांग. अहो, ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये बनवलेला शब्द आहे तो. आपल्याकडे मृद्गंध होताच की!

२०१८ मध्ये शशी थरूर यांनी आपल्या पुस्तकाची जाहिरात करताना २९ अक्षरी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ ट्विट केला आणि लोक डिक्शनऱ्या उघडून बसले. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. थरूरांचं ठीक आहे, त्यांना ते शोभतं. पण सातवीतल्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करून तो म्हणायला लावणारे आईबाप मी पाहिलेत.

आणि याच घरांमध्ये कोणते शब्द माहीत नसतात ते सांगू?

माझ्या ओळखीतला एक इंजिनिअर. फर्डं इंग्रजी. मेहुण्याच्या कर्जावर ‘गॅरंटर’ म्हणून सही करून मोकळा झाला. त्याला वाटलं, साक्षीदारासारखंच काहीतरी असेल. हप्ते थकले आणि नोटीस थेट याच्या दारात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी मेहुण्याला धरेल, मग मला, असं काही नसतं हो!

‘नॉमिनी’ म्हणजे मालक, असं समजून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. बँकेतल्या ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हातात येतात, हक्क वारसांचाच राहतो. ‘बायॉप्सी निगेटिव्ह’ ऐकून घाबरून रडणारी माणसं मी दवाखान्यात बघितलीत. विमा पॉलिसीतला ‘वेटिंग पिरियड’ तर क्लेम नाकारला गेल्यावरच कळतो.

आता कोणी म्हणेल, आला इंग्रजीचा दुश्मन. नाही. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे आणि ते हवंच. माझं भांडण एवढंच की ज्या इंग्रजीवर आपण सह्या करतो ते कोणी शिकवत नाही, आणि मिरवायचं तेवढं पाठ करून घेतात. शाळेत एक तास कर्जाचा फॉर्म वाचायला घ्या ना.

काल मीच ग्रुपवर ‘लिएन’ टाकला. खात्यात पैसे तुमचेच, पण देणं फिटेपर्यंत बँक काढू देत नाही, ते. दोन अंगठे आले. त्यातला एक बायकोचा.