नावापुढचा आकडा

नाव तेच ठेवून आतला माल बदलणे हा माझ्या मते शुद्ध विश्वासघात आहे. पोलिसांत तक्रार घेत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

मोखाड्याला मी एक छापील अर्ज घेतला, सुवाच्य अक्षरात भरला आणि एस.टी.ने जव्हारला एका कचेरीत नेऊन दिला. खिडकीतून आवाज आला, "काका, हा जुना. नमुना बदललाय."

"मग नव्याचं नाव काय?"

"तेच!"

आता हा जुना की नवा, ते अर्जदाराने काय वास घेऊन ओळखायचे?

याबाबतीत भाच्याचा संगणक बरा. तो लिनक्सवर चालतो. त्यात 'लायब्ररी' असतात; म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते तयार कामाचे गठ्ठे. वर्गणी नाही, पुस्तके दडपणारे सभासद नाहीत. तिथली शिस्त अशी की, किरकोळ डागडुजी केली तर मुख्य आकडा तोच राहतो. पण जुना प्रोग्राम अडेल असा बदल केला, की नावापुढचा आकडा बदलायचा. लिबएसएसएलची १.१ आणि ३ एकाच घरात सुखाने नांदतात. प्रोग्राम तयार होतानाच त्याच्या पोटात हवी ती लायब्ररी आकड्यासकट लिहून ठेवलेली असते. १.१ मागणाऱ्याच्या गळ्यात कुणी ३ मारत नाही.

आपल्याला हे नवे आहे थोडेच? थोरले माधवराव वेगळे, सवाई माधवराव वेगळे, हे शाळकरी पोरालाही कळते. आणि थोरल्या बाजीरावांच्या भरवशावरचे काम दुसऱ्या बाजीरावांच्या हाती पडले की काय होते, ते १८१८ साली पुण्याने पाहिलेच की!

आमच्या जिल्ह्याचेच घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आम्ही वेगळे झालो, तर रीतसर 'पालघर' हे नाव मिळाले. घरातल्या जुन्या दाखल्यावर 'जि. ठाणे', नव्यावर 'जि. पालघर'. कुठला कधीचा, हे आंधळाही सांगेल.

"दोन-दोन ठेवायचे म्हणजे अडगळच," असे कुणी म्हणेल. कबूल. जुन्याला जन्मभर पोसा असे लिनक्सवालेही म्हणत नाहीत. ओपनएसएसएल १.१.१ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३मध्ये थांबली. पण ती आगाऊ तारीख सांगून. खिडकीशी पोचल्यावर नव्हे!

तेव्हा साहेब, बदल खुशाल करा. फक्त नावापुढे एक आकडा घाला. एका आकड्याला शाई ती कितीशी लागणार?