पुरात माल गेला, पण वहीत किती होता?

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे जुने दुकान आहे. जुलै २००५ च्या पुरात पाणी आत शिरले आणि उतरताना भिंतीवर चिखलाची एक रेघ ठेवून गेले. त्या वेळी अब्बा हयात होते. त्यांनी सुताराला बोलावले आणि त्या रेघेच्या एक हात वर नवी फडताळे ठोकून घेतली. भारी साड्या, सूटिंग, ड्रेस मटेरियल वर ठेवायचे आणि चादरी, टॉवेल, अस्तर खाली, असा नियम ठरला. सोळा वर्षे आम्ही तो पाळला. पावसाळ्यात गिऱ्हाईक विचारी, "शेठ, पाण्याची भीती वाटत नाही?" मी त्या रेघेकडे बोट दाखवीत असे.

२१ जुलै २०२१ ला, बुधवारी, बकरी ईद होती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे ईद साधीच झाली. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि गुरुवारी पहाटे बाजारपेठेत पाणी भरले. माझे घर उंचावर असल्यामुळे आम्ही सुखरूप राहिलो, पण दुकानापर्यंत जाणे शक्य नव्हते. वीज गेली, फोन बंद पडले. शुक्रवारी पाणी उतरल्यावर चौघांनी मिळून शटर उचलले. या वेळची रेघ वरच्या फडताळाच्याही वर होती.

कापड आणि पाणी यांचे नाते धंद्याबाहेरच्या माणसाला समजत नाही. पाण्यात भिजलेले कापड धुऊन वाळवता येते असे त्याला वाटते. पण पुराचे पाणी म्हणजे गाळ, गटार आणि डिझेल. सुती ताका भिजला की फुगतो आणि फडताळात असा अडकतो की दोन माणसांनी ओढला तरी निघत नाही. गडद रंग शेजारच्या फिक्या कपड्यावर उतरतो. दोन दिवसांत बुरशी धरते. पॉलिएस्टर काही प्रमाणात वाचते, पण घडी मोडलेला आणि लेबल गेलेला माल नवा म्हणून कोण घेणार? आम्ही काही माल रस्त्यावर ढीग लावून विकला. उरलेला नगरपालिकेच्या गाडीत गेला.

पूर का येतो याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. सह्याद्रीवर पडलेले पाणी कोकणातल्या आखूड नद्यांतून काही तासांत खाली येते. वाशिष्ठी आणि शिव नदीची पात्रे गाळाने भरलेली होती. गोवळकोटपर्यंत खाडीचे पाणी चढते आणि उधाणाची भरती असली तर नदीचे पाणी पुढे सरकत नाही. शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येते. त्या रात्री ते किती आले, या वादात मी पडत नाही. त्याच दिवशी सावित्रीच्या पाण्याने महाडची बाजारपेठही बुडाली. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूडकडच्या आपल्या बांधवांची छपरे उडवली होती आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले होते. नदीतला गाळ नंतर बराच काढला गेला. तो दर वर्षी पावसाळ्यापूर्वी निघावा, हे पाहणे आपल्या व्यापारी मंडळांचे काम आहे.

मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्याच गाळाविषयी. तो आपल्या वह्यांत साचला आहे आणि तो काढायला सरकारचे यंत्र येणार नाही.

माझ्या दुकानाचा विमा होता. बँकेची कॅश क्रेडिट असली की मालाचा विमा घ्यावाच लागतो. हप्ता बँक परस्पर खात्यातून वळता करी आणि मी कधी पॉलिसी उघडून पाहिली नाही. खरे सांगायचे तर मला वाचताही आली नसती. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी बाजारात शिकलो आणि पॉलिसी इंग्रजीत, तीही बारीक अक्षरांत. पूर ओसरल्यावर पुतण्याने ती वाचून दाखवली. विम्याची रक्कम होती ६ लाख. २०१३ मध्ये ठरवलेली, तीच दर वर्षी पुढे चालू. पुराच्या दिवशी दुकानात माल होता सुमारे १४ लाखांचा. नुकसान साडेदहा लाखांचे. मी मनात म्हटले, चला, निदान ६ लाख तरी मिळतील.

सर्वेक्षक आले. त्यांनी जो हिशोब मांडला तो प्रत्येक दुकानदाराने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. १४ लाखांच्या मालाचा ६ लाखांचाच विमा घेतला, म्हणजे उरलेल्या ८ लाखांचा धोका तुम्ही स्वतः पत्करला. तेव्हा नुकसानही त्याच प्रमाणात वाटले जाणार. साडेदहा लाखांना सहाने गुणा, चौदाने भागा. उत्तर येते साडेचार लाख. त्यातून वजावट गेली. उरलेली रक्कम पॉलिसीतल्या अटीप्रमाणे आधी बँकेच्या खात्यात जमा झाली. माझ्या हातात आला तो फक्त कागद. राग सर्वेक्षकाचा आला, पण त्यांचे गणित बरोबर होते.

मालाची किंमत कागदावर कमी का होती? येथे आपण एकमेकांशी खरे बोलू. थोडा माल पक्क्या बिलाचा, थोडा कच्च्या चिठ्ठीचा. कर वाचावा म्हणून साठा कमी दाखवायचा, हप्ता वाचावा म्हणून विमा कमी घ्यायचा. माझ्या शेजारच्या तीन दुकानांत हीच कथा होती. कच्च्या चिठ्ठीवर आलेला माल पुरात गेला तर तो होता हे सिद्ध कसे करणार? एका मित्राची पॉलिसी रकमेने भरभक्कम होती, पण जागा फक्त दुकानाची लिहिलेली. माल मागच्या गल्लीतल्या गोदामात होता. त्याला त्या मालाचे काहीच मिळाले नाही.

आणि वह्या? आमची खातेवही, बिलांच्या फायली, उधारीचे टाचण, सर्व गल्ल्याच्या खालच्या खणात. म्हणजे पाणी पहिल्यांदा जिथे पोहोचते तिथे. गिऱ्हाइकांकडे माझी पावणेदोन लाखांची उधारी होती. ज्यांनी स्वतःहून आणून दिली त्यांना अल्लाह बरकत देवो. बाकीच्यांना मी काय दाखवणार? सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आपण जुम्याच्या बयानात लहानपणापासून ऐकतो. लिहिलेले जपून ठेवण्याची अक्कल मात्र आपली आपण वापरायची असते. चिपळूण एसटी आगाराचे व्यवस्थापक त्या दिवशी सुमारे ९ लाखांची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर बसून होते. आम्ही आमच्या वह्या एक मजला वर नेऊ शकलो नाही.

कारागीर बांधवांचा प्रश्न आणखी अवघड आहे. टेलर, रफूगर, जरीकाम करणारे यांच्याकडे गिऱ्हाइकाचे कापड अमानत म्हणून असते. आमच्या गल्लीतल्या एका टेलरकडे लग्नाचे आठ जोड शिवून तयार होते. मशिनी गेल्या, जोडही गेले. त्याने दोन वर्षे फुकट शिलाई करून गिऱ्हाइकांचे समाधान केले. विम्यात दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालाचीही तरतूद करता येते, पण तशी स्पष्ट नोंद पॉलिसीत करून घ्यावी लागते. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

विमा जायज आहे की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी कापडवाला आहे, फतवा देणे माझे काम नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण विचारावे खरे. न विचारता "आपल्यात चालत नाही" म्हणून हप्ता वाचवणारे आणि त्याच वेळी बँकेच्या पॉलिसीवर सही करणारे मी बरेच पाहिले आहेत.

सरकारी मदतीविषयी. ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानदारांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार रुपये, आणि टपरीधारकांसाठी जास्तीत जास्त १० हजार रुपये जाहीर झाले. नोंदणी किंवा परवाना असलेल्यांनाच. ही मदत नाकारण्यासारखी नव्हती. पण जीएसटी कायद्याचे कलम १७(५) पाहा. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, घेतली असेल तर परत करावी लागते. कापडावर कर ५ टक्के. माझ्या साडेदहा लाखांच्या मालावर तो झाला साडेबावन्न हजार. एका खिडकीवर ५० हजार घेतले आणि दुसऱ्या खिडकीवर त्याहून जास्त भरले. कंपोझिशनमधल्या छोट्या दुकानदारांना हा जाच नाही, पण पक्क्या बिलाने धंदा करणाऱ्यालाच तो आहे, हे विशेष. जो माल पडत्या भावात का होईना बिल करून विकला, त्याची वजावट टिकते. म्हणून भिजलेला माल घाईने फेकू नका. आधी फोटो, मोजदाद, पंचनामा, मग विक्री. जाहीर झालेल्या नैसर्गिक आपत्तीत गेलेल्या मालाला या कलमातून सूट मिळावी, ही मागणी कोकणातल्या व्यापारी संघटनांनी एकमुखाने केली पाहिजे. ती कोणा एका जमातीची मागणी नाही.

लहान व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी निघाली आहे. ५ कोटींपर्यंतच्या धंद्याला ती लागू आहे, पूर आणि वादळ तिच्यात येते आणि मालाची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी भरली असेल तर कपात होत नाही. माझी आता तीच आहे, रक्कम दर वर्षी मेमध्ये नव्याने मोजून. पुतण्या दर शनिवारी वह्यांचे फोटो काढतो आणि ते दुबईतल्या त्याच्या भावाकडे पाठवतो.

दुकानाला मागच्या वर्षी रंग दिला. रंगाऱ्याला सांगून २०२१ ची रेघ तेवढी तशीच ठेवली आहे. सुताराने विचारले, फडताळे तिच्या एक हात वर करू का? मी नको म्हटले. दुकानावर पोटमाळा घातला आहे आणि जून ते सप्टेंबर भारी माल घरी असतो.