साखरेच्या हिशेबाबाहेरची आजी

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील अनेक गावे ओस पडू लागतात. नवराबायको कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे. पुढील पाच-सहा महिने या मुलांचे जेवणखाण, शाळा, आजारपण सारे आजी-आजोबांनीच निभवायचे असते.

या व्यवस्थेचा कौटुंबिक जिव्हाळा म्हणून गौरव करण्याची आपल्याकडे रीत आहे. जिव्हाळा खराच; परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते साखरधंद्याला मिळणारे बिनबोभाट अनुदान होय. तोडणीची मजुरी टनावर ठरते, पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मुलांच्या सांभाळाचा खर्च या मजुरीत कोठेच धरलेला नसतो. आजी तो सांभाळ विनामोबदला करते, म्हणूनच आई फडात उभी राहू शकते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती स्वागतार्ह होती, पण ती टनाच्या दरातील वाढ होती.

शिवाय ही आजी म्हणजे बहुधा कालची ऊसतोड मजूरच. हयात फडात गेली, तरी तिच्या नावावर ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपयांचा. राज्याच्या भरीसह मिळणारी रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आली. एवढ्यात तिने स्वतःचे औषधपाणी पाहावे की नातवंडांची दप्तरे? वृद्धांना सांभाळण्याचे कर्तव्य २००७ च्या कायद्याने मुला-नातवंडांवर टाकले; येथे भार नेमका उलटा आहे.

म्हातारीने अंथरूण धरले की पहिल्यांदा सुटते ती नातीची शाळा. चूल आणि धाकटी भावंडे तिच्या गळ्यात पडतात. वयात आलेल्या मुलीची राखण आपल्याच्याने होणार नाही, या धास्तीने तिचे लग्नही लवकर उरकले जाते. या भागातील बालविवाहांना केवळ अज्ञान कारण नाही, ते या अगतिकतेत आहे.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. गावोगाव हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ मध्ये संत भगवानबाबा योजनेखाली ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर राज्याने घालावी, असेही ठरले. या निधीतून हंगामाच्या महिन्यांपुरता सांभाळभत्ता थेट आजी-आजोबांच्या हाती देणे अवघड नाही. हंगामी वसतिगृहेही मजुरांच्या गाड्या गावाबाहेर पडण्यापूर्वी उघडली पाहिजेत.

उसाचा भाव, तोडणी, वाहतूक या प्रत्येक बाबीचा कारखाना पैपैचा हिशेब ठेवतो. त्या हिशेबात आजीच्या श्रमाची नोंद होत नाही, तोवर त्याची किंमत तिची नात चुकती करीत राहील.